‘आभाळाचा हौद’: एका परीक्षणाची दुरुस्ती

‘पुस्तकपिशवी’, अंक ३१
सोलापूर, १० फेब्रुवारी २०२५

जिल्ह्यातल्या शाळांमध्ये वाचनपेटी सांभाळणाऱ्या बाईंनो आणि सरांनो,

आपली तक्रार एकच आहे आणि ती आपण वर्षानुवर्षं एकमेकांजवळ करत आलो आहोत. मुलांसाठी म्हणून जी पुस्तकं आपल्या हातात येतात, त्यांतली निम्मी मुलांना भिववण्यासाठी लिहिलेली असतात. झाडावर चढलेला मुलगा पडतो. उन्हात गेलेली मुलगी तापाने फणफणते. आईला न विचारता बाहेर पडलेलं पिल्लू कोल्हा खातो. शेवटच्या पानावर सगळे माफी मागतात आणि खाली चौकटीत तात्पर्य छापलेलं असतं. मोठ्या माणसांनी आपली दमदाटी रंगीत कागदावर छापून आणली आहे, आणि तिला आपण बालसाहित्य म्हणायचं!

या महिन्यात अकरा नवी पुस्तकं आली. नऊ मी परत केली. राहिलेल्या दोन पुस्तकांबद्दल लिहिते.

‘चादरीतला वाघ’ ही दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीची कादंबरी. सोलापुरात मागावर विणलेल्या चादरीतला वाघ एका सकाळी नक्षीतून उठून निघून जातो आणि विणकराची नात त्याला शोधायला निघते. पहिली सत्तर पानं मी जागची न हलता वाचली. पुढे लेखकाला उपदेशाची उबळ येते आणि वाघसुद्धा स्वच्छतेवर बोलू लागतो. तरी घ्या. उपदेश गाळून कसं वाचायचं हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

दुसरं, ‘आभाळाचा हौद’. चित्रपुस्तक. चोवीस पानं आणि सगळे मिळून नव्वद शब्द. पाच मुलांना रानात एक मोठा निळा चौकोन सापडतो. आभाळच खाली उतरून बसलंय असं त्यांना वाटतं. ती उड्या मारतात. आत ढग आहेत, मासे आहेत, भरदिवसा चांदण्या आहेत. कुणी ओरडत नाही. कुणी ‘मागे फिर’ म्हणत नाही. मोठं माणूस एकाही पानावर नाही! शेवटी पाचही जणं काठावर ओलीचिंब झोपलेली आहेत, बस्स. इतका निळा रंग मी मराठी पुस्तकात पाहिला नव्हता. प्रत्येक पेटीत हे पुस्तक असलंच पाहिजे. मिळत नसेल तर मला कळवा.

वाचनशाळांना, म्हणजे नवी पुस्तकं आधी वाचून पाहणाऱ्या आपल्या शाळांना, नियमाप्रमाणे दोन-दोन प्रती पाठवते आहे. दहा दिवस प्रती वर्गात ठेवा. पुस्तकाबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. फक्त कान उघडे ठेवायचे आणि मुलं जे बोलतील ते जसंच्या तसं कागदावर लिहून पाठवायचं. फोनवर नको. फोनवर एक अंगठा येतो आणि विषय संपतो. आणि पुस्तकाला पेन लागता कामा नये.

आपली,
संघप्रिया सर्वगोड

•

करकंब, २० फेब्रुवारी २०२५

आदरणीय संघप्रियाताई,

सादर नमस्कार. ‘आभाळाचा हौद’च्या दोन्ही प्रती सोबत परत पाठवते आहे, ‘चादरीतला वाघ’ अजून वर्गात वाचतो आहोत. ‘आभाळाचा हौद’ मुलांनी इतक्या वेळा उघडलं की एका प्रतीचा कणा सैल झाला, त्याबद्दल माफ करा. आमच्या वस्तीवरच्या शाळेत चार वर्ग मिळून सव्वीस मुलं. सव्वीसच्या सव्वीस त्यावर पालथी पडली होती. ठरल्याप्रमाणे त्यांचं बोलणं लिहिते.

“ह्ये तर बाळासो मालकाचं तळं हाय!” हा ऋतुराज, चौथीतला. आमचा सगळ्यात चांगला वाचक.

“व्हय की. पर त्यात मासं न्हाईत. निस्ती बेडकं हायती.”

“मासं खाली असत्यात. उडी मारल्याबिगर दिसत न्हाईत.”

“तू मारलीस व्हय उडी?”

“मारणार हाय की.”

ताई, हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.

तुम्ही शहरातल्या, म्हणून सांगते. बाळासोंचं शेततळं शाळेपासून पाच मिनिटांवर आहे. डाळिंबाच्या बागेसाठी खोदलेलं, दोन पुरुष खोल. चारही बाजू उतरत्या आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाण्याच्या कडेला त्या कागदावर शेवाळ धरतं. आत गेलेल्याला पाय रोवायला काही नाही आणि हाताने धरायलाही काही नाही. मागच्या पावसाळ्यात बाळासोंचं कुत्रं त्यात पडलं. ते बुडालं नाही. काठाला यायचं, घसरायचं, परत पोहायचं. दिवसभर पोहत होतं म्हणे. संध्याकाळी दिसलं नाही.

पुस्तकातला चौकोन अगदी तसाच आहे. तोच निळा रंग, तेच सरळ काठ.

पुढच्या अंकात दोन ओळी टाकता येतील का? म्हणजे शेततळ्याजवळ मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये, एवढंच. माझं चुकत असेल तर सांगा. मी काही तुमच्याएवढं वाचलेलं नाही. पण मला भीती वाटते.

आपली,
उत्कर्षा

•

सोलापूर, २५ फेब्रुवारी २०२५

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम जय भीम.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग मला राग आला. ‘मासं खाली असत्यात’ हे वाक्य मी अंकात छापणार आहे. मोठमोठ्या समीक्षकांना ते सुचलं नसतं. पण तुझ्या दोन ओळी? उद्या चंद्रावर जायच्या गोष्टीखाली ‘तिथे हवा नाही, सांभाळा’ असं छापायचं का? पुस्तक म्हणजे विजेच्या डीपीवरची कवटीची पाटी नव्हे.

आता मी का चिडते ते ऐक. माझ्या आजीला गावच्या विहिरीच्या काठावर उभं राहायची बंदी होती. कुणाला दया येऊन कुणी वरून घागरीत पाणी ओतेपर्यंत ती लांब उन्हात थांबायची. तिने आईला शिकवलं, पाण्यापासून लांब राहायचं. आईने मला शिकवलं. तोवर बंदी गेली होती, आमच्या गल्लीत नळ आला होता, पण शब्द तेच राहिले. का, ते घरात कुणी सांगितलं नाही. मी आज बावन्न वर्षांची आहे. हजार माणसांसमोर उभी राहून बोलते, आणि गुडघाभर पाण्यात पाय घालायला मला जमत नाही.

आणि आता एक चित्रकार पाच मुलं काढतो. काळी, सावळी, कुणाची कोण ते कुणी विचारत नाही अशी. ती कुणाचीही परवानगी न घेता निळ्या पाण्यात उडी मारतात. उत्कर्षा, हे चित्र छापून यायला आमच्या तीन पिढ्या गेल्या. त्याच्याखाली ‘लांब राहा’ असं मी माझ्या हाताने लिहिणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. तू परत पाठवलेल्या एका प्रतीत कुणीतरी काळ्या पेनने रेघोट्या ओढल्या आहेत. पान नऊ, पान चौदा आणि शेवटचं पान. झाडापासून पाण्यापर्यंत, दगडापासून पाण्यापर्यंत, जाड, गिरवून गिरवून. इतक्या सुंदर निळ्यावर! तुला दिसलं नाही का? ज्याने केलं त्याला शोध आणि दोन महिने त्याला वाचनाच्या पुस्तकांची पिशवी बंद कर. पुस्तकाशी कसं वागायचं हे या वयात शिकलं नाही तर कधीच शिकत नाही.

तुझी,
संघप्रिया

•

करकंब, ४ मार्च २०२५

आदरणीय संघप्रियाताई,

सादर नमस्कार. पत्राने थोडी लाज वाटली. आजीबद्दलचं मी दोनदा वाचलं. मला हे माहीत नव्हतं.

रेघोट्या दानेश्वरीने ओढल्या. तिसरीतली. तिचे वडील ईरप्पा अक्कलकोटकडचे, बाळासोंच्या बागेत सालगडी आहेत. घरात कानडी बोलतात. तिला मराठी कळते, पण वर्षभरात तिच्या तोंडून मी दहा वाक्यं ऐकली असतील नसतील. वाचायलाही अजून अडखळते. चित्रं मात्र बोट ठेवून ठेवून बघते.

मुलांनीच नाव सांगितलं. एक म्हणाला, “बाई, तिला बोलाया येत न्हाय, म्हणून ती रेघा मारती.” सगळी हसली. मी तिला कारण विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. पिशवी दोन महिने बंद म्हणून सांगितलं. रडली नाही. फक्त पिशवीकडे हात करून उभी राहिली, जणू काही राहिलेलं काम पुरं करायचं आहे. मी पिशवी कपाटात ठेवली.

‘चादरीतला वाघ’ रोज थोडं वाचून दाखवते आहे. काल प्रश्न आला, “बाई, नव्वद पानं झाली, वाघाला भूक न्हाय लागत व्हय?” लेखकाला कळवा.

कालपासून सकाळची शाळा सुरू झाली. साडेअकराला सुटते. त्यानंतर मोठी माणसं सगळी बागांमध्ये असतात, वस्तीवर नुसती मुलं. मी तुमचं ऐकलं आहे, मुलांना काही बोलले नाही. पण दुपारी घरी जाताना मी आता तळ्याच्या बाजूने जाते. लांब पडतं, तरी जाते.

आपली,
उत्कर्षा

•

सोलापूर, ८ मार्च २०२५

प्रिय उत्कर्षा,

घाईत लिहिते. वाघाच्या भुकेचा प्रश्न लेखकाला पाठवला आहे, झोप उडेल त्याची.

१५ तारखेला शनिवारी माढ्यात शिक्षकांचा मेळावा आहे. मी ‘मूल आणि पुस्तक’ या विषयावर बोलणार आहे आणि ती रेघोट्यांची प्रत सोबत नेणार आहे, नासधूस कशी दिसते ते दाखवायला. काळजी करू नकोस, शाळेचं नाव घेणार नाही.

तळ्याच्या बाजूने जातेस ते जा. पण भीती मुलांना लावू नकोस. ती फार लवकर लागते आणि जन्मभर जात नाही. माझ्याकडे बघ.

तुझी,
संघप्रिया

•

करकंब, १२ मार्च २०२५

संघप्रियाताई,

आज शाळा सुटल्यावर तासाभराने मला वाटेत तीन मुलं भेटली. तिघांची डोकी ओली होती. त्यात ऋतुराज होता.

“कुठे होतात रे?”

“नळाखाली डोकं धुतलं बाई. लई ऊन हाय की.”

ताई, वस्तीवर नळाला एक दिवसाआड पाणी येतं. आज पाण्याचा दिवस नव्हता.

मी तशीच बाळासोंकडे गेले. ते बागेत होते. म्हटलं, तळ्याला तारेचं कुंपण घालणार होतात ना?

“घालायचं हाय की बाई. एवढं डाळिंब उतरलं की घालू.”

“तोवर?”

“तोवर पोरास्नी दम द्या तुमी. मास्तरीण कशाला हाय मग?” मग हसून म्हणाले, “आन तुमीच दिलंया म्हणं पुस्तक, उड्या मारायचं. आमच्या घरापतोर आलीया बातमी.”

परत फिरले.

तळ्याच्या काठालाच ईरप्पाची पत्र्याची खोली आहे. दाराबाहेर खाटेवर दानेश्वरीचा धाकटा भाऊ होता, बसू नावाचा, चार वर्षांचा. त्याचा एक पाय लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या खुराला बांधलेला. लेकराला वासरासारखं बांधून ठेवलंय, हे बघून मला फार वाईट वाटलं. त्याच्या आईला बोलणार होते, पण ती बागेत होती. दानेश्वरी खाटेजवळ उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी तिच्याशीही बोलले नाही.

मी आज संध्याकाळी ऋतुराजच्या घरी जाऊन सांगणार आहे. पण तो ऐकणार नाही, मला माहीत आहे. तो जे वाचतो त्यावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. आपणच तो तयार केला.

मला उत्तर नको. दोन ओळी छापा, नाहीतर या. मला एकटीला हे झेपत नाही.

उत्कर्षा

•

माढा, १५ मार्च, सकाळी साडेदहा

उत्कर्षा,

तुझा फोन लागत नाही. सात वेळा लावला. मेळाव्यातले हणमंत सर मोटारसायकलवर तुझ्याकडे निघालेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी.

त्या रेघोट्या नाहीत. तो दोर आहे.

मी व्यासपीठावर ती प्रत उंच धरून ओरडत होते, बघा, नासधूस बघा. मीनाबाई म्हणून आहेत, इथल्या शाळेत खिचडी शिजवतात. त्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तशाच पुढे आल्या. म्हणाल्या, “ताई, नीट बघा की. ह्यो दोर हाय. हरेक पोराच्या हातात टोक दिलंया.” मग त्या म्हणाल्या, “आमचा सुमित ज्या तळ्यात गेला, त्याला न्हवता.” ट्रे हातातच होता.

मी पाहिलं. पान चौदावर पाच मुलं, पाच दोर. शेवटच्या पानावर सगळ्यात लहान मुलाच्या घोट्याला गाठ आहे. तू बसूच्या पायाबद्दल लिहिलं होतंस.

तुझं १२ तारखेचं पत्र काल आलं होतं. भाषणाच्या तयारीत मी ते फोडलं नाही. आज सकाळी गाडीत वाचलं आणि तरीही व्यासपीठावर चढले.

मिळेल तो दोर घे. तळ्यावर जा. आत्ता.

संघप्रिया

•

करकंब, १६ मार्च २०२५

संघप्रियाताई,

ऋतुराज जिवंत आहे. हे आधी लिहिते, बाकीचं मग.

हणमंत सर पोचले तेव्हा शाळा सुटून गेली होती. मी एकटी वर्गात माहितीचे तक्ते भरत बसले होते. चिठ्ठी वाचली. दोर कुठून आणायचा ते सुचेना. मग खेळाच्या पेटीतला रस्सीखेचीचा दोर आठवला. तो मांडीवर घेऊन सरांच्या मागे बसले.

तळ्याच्या बांधावर चढलो तेव्हा आधी बसू दिसला, खाटेला बांधलेला, रडून लाल झालेला. मग दानेश्वरी. काठावर पालथी पडलेली. तिने आईचं लुगडं पाण्याच्या मोटारीच्या लोखंडी पाइपला बांधलं होतं आणि दुसरं टोक पाण्यात सोडलं होतं. त्या टोकाला ऋतुराज होता. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

ताई, मला वाटायचं बुडणारं माणूस ओरडतं. तो ओरडत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं आणि तो नुसता दानेश्वरीकडे बघत होता. सोबतची दोन पोरं भिऊन बागेत लपली होती. लुगडं मधोमध फाटत आलं होतं, मला त्याचे धागे दिसत होते.

सरांनी दोर टाकला. पहिल्यांदा तो लांब पडला. दुसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर पडला, तरी त्याने धरला नाही. लुगडं सोडायला त्याचे हात तयार नव्हते. आम्ही दोघं ओरडत होतो, त्याला काही ऐकू जात नव्हतं. तेवढ्यात दानेश्वरी ओरडली. मराठीत.

“सोड त्ये! ह्यो धर! ह्यो धर की!”

त्याने धरला.

सर ओढत होते आणि मी सरांचा पट्टा धरून मागे पाय रोवले होते. तो उतारावरून वर आला तेव्हा त्याच्या बोटांची नखं सोललेली होती, त्या कागदाला ओरबाडून ओरबाडून. ऊन मी म्हणत होतं आणि तो थंडीने हलत होता. पहिलं वाक्य काय बोलला, ते नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहिते. “बाई, खाली मासं न्हाईत. निस्तं काळं हाय.”

त्याला सरांनी दवाखान्यात नेलं. आज घरी आहे.

ईरप्पा बागेतून पळत आले. मी त्यांना म्हटलं, हिला विचारा, पुस्तकात दोर का काढलास? त्यांनी कानडीत विचारलं. ती हळूच काहीतरी म्हणाली. त्यांनी मला सांगितलं, “ती म्हंती, चित्र काढणाऱ्या माणसाला दोराचं ध्यान राहिलं न्हाई. पोरं वर कशी येणार? म्हणून तिनं काढला.”

“आणि बसूला कोण बांधतं?”

“तीच बांधती, बाई. शाळंला जाताना. आमी दोगं बागंत असतो की.”

ताई, मी तुमच्यापासून एक लपवलं होतं. पिशवी बंद केली एवढंच लिहिलं. खरं म्हणजे मी तिला अख्ख्या वर्गासमोर एक तास उभं केलं होतं आणि तिचं पेन काढून घेतलं होतं. दहा-बारा दिवस ते माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. काल परत दिलं. तिने ते घेतलं आणि लगेच दप्तरात ठेवलं, मी पुन्हा मागेन म्हणून.

रस्सीखेचीचा दोर मी तळ्यावरच बांधून आले. बाळासो उभे राहून बघत होते. रात्री डोळा लागला नाही. डोळे मिटले की लुगड्याचे धागे दिसतात.

एकच विचारायचं आहे. आपला अंक किती शाळांमध्ये जातो?

उत्कर्षा

•

‘पुस्तकपिशवी’, जादा अंक
सोलापूर, १८ मार्च २०२५

वाचनपेटी सांभाळणाऱ्या बाईंनो आणि सरांनो,

दोनशे बारा शाळांमध्ये. करकंबजवळच्या एका शिक्षिकेने मला हा आकडा विचारला, आणि तेव्हापासून मी भ्याले आहे.

अंक ३१ मध्ये मी तुम्हाला सांगितलं, ‘आभाळाचा हौद’ प्रत्येक पेटीत असलंच पाहिजे. तुम्ही माझं ऐकलंत. त्या शिक्षिकेने मला इशारा दिला होता. मी तिची थट्टा केली. गेल्या शनिवारी तिच्या शाळेतला एक मुलगा, उत्तम वाचणारा मुलगा, पुस्तकातल्यासारखा शेततळ्यात उतरला आणि प्लास्टिकच्या उतारावर त्याला वर येता येईना. आठ वर्षांच्या एका मुलीने आईचं लुगडं टाकून त्याला धरून ठेवलं. हिनेच महिन्यापूर्वी आपल्या प्रतीत पेनने दोर काढले होते, आणि ती नासधूस आहे असं मी ठरवलं होतं. तिला पुस्तकं बंद करा म्हणून मीच कळवलं. जन्मभर पुस्तकं वाचणाऱ्या बाईला जे दिसलं नाही, ते अजून अडखळत वाचणाऱ्या मुलीने पाहिलं होतं.

शनिवारपासून मी फोन लावते आहे. काल संध्याकाळपर्यंत एकशे साठ शाळांशी बोलणं झालं. एका सरांनी हसत सांगितलं, “आमची पोरं तर रोज दुपारी आभाळाचा हौद खेळत्यात.” कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना खेळ कुठे चालतो ते बघायला पळवलं. बाकीच्या शाळांना लावणं चालू आहे; नातेपुत्याकडच्या तीन शाळांत तर फोन कुणी उचलतच नाही. दर वेळी घंटा वाजत राहते आणि मी पुन्हा लावते. माझे शब्द कुठल्या कुठल्या काठावर जाऊन बसले आहेत, ते मला कळायला मार्ग नाही, आणि ते परत बोलावता येत नाहीत.

मी पुस्तक मागे घेत नाही. मुलांना भिववणाऱ्या पुस्तकांशी माझं भांडण होतं आणि राहील. माझ्या आजीला पाण्यापासून लांब ठेवलं ते माणसांच्या दुष्टाव्याने, आणि त्या जुन्या रागात मला एवढंच दिसलं की पाच मुलं कुणाला न विचारता पाण्यात उतरली आहेत. ती वर कशी येणार, हे माझ्या मनातही आलं नाही. त्याच परीक्षणात मी कौतुकाने लिहिलं होतं, मोठं माणूस एकाही पानावर नाही. आज ते वाक्य वाचवत नाही. त्या पानावर आपण असायला हवं होतं. शनिवारी त्या काठावरही आपण नव्हतो. तिथे एक आठ वर्षांची मुलगी होती आणि एक फाटत आलेलं लुगडं.

सोबत त्या मुलीने दुरुस्त केलेल्या पान चौदाची प्रत जोडली आहे. ‘आभाळाचा हौद’चं खरं परीक्षण तेच. माझं फाडून टाका.

सकाळची शाळा सुरू आहे. साडेअकराला तुमचीही मुलं सुटतील आणि मोठी माणसं कामावर असतील. म्हणून तुमच्या भीतीकडून मला एकच काम हवं आहे. शाळेत रस्सीखेचीचा दोर असेल. नसेल तर कुणाच्या गोठ्यातला घ्या. हात-हातभर अंतरावर जाड गाठी मारा. शाळेपासून सगळ्यात जवळच्या शेततळ्यावर जा, एक टोक पक्क्या खांबाला बांधा आणि दुसरं पाण्यात खोल सोडा. मालकाला काय वाटेल ते नंतर बघू, त्याला माझं नाव सांगा. कुंपण येईल तेव्हा येईल. दोर आज, शाळा सुटायच्या आत.

हा कागद खाली ठेवा आणि निघा.

संघप्रिया सर्वगोड